घरटं कोसळलं त्या संध्याकाळी: गॅलरीतल्या बुलबुलांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, टांगलेल्या कुंडीतल्या वेलीच्या गचपणात, लालबुड्या बुलबुलांच्या जोडीने घरटं बांधलं होतं. घरात चार माणसं: आजी, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. पडलेल्या आणि जखमी पक्ष्यांसाठी येणारे फोन मी घेते, त्यातूनच हे प्रकरण माझ्याकडे आलं. घरच्यांच्या परवानगीने ते इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ते लिहावंसं वाटलं, कारण एकाच घरट्याच्या बाबतीत आठवड्याभराच्या आत दोनदा ‘पिल्लू पडलंय, काय करू?’ हा प्रश्न आला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं निघालं.

बुलबुल माणसांच्या वावरात बिनधास्त घरटं करतो. बारीक काटक्या, मुळं, वाळकं गवत यांची लहानशी वाटी, कोळ्याच्या जाळ्याने सांधलेली. त्यात सहसा दोन किंवा तीन अंडी, फिकट गुलाबी, त्यावर तांबूस शिंतोडे. ती उबायला साधारण दोन आठवडे लागतात. पिल्लं उघडीनागडी, मिटल्या डोळ्यांची जन्मतात आणि बाराएक दिवसांत घरटं सोडतात. पहिल्या अंड्यापासून रिकाम्या घरट्यापर्यंत सगळा कारभार महिन्याभरात उरकतो. हे आधी ठाऊक असलं की माणसाची निम्मी घालमेल कमी होते. चारेक आठवडे जपायचं, की गॅलरी पुन्हा आपली.

या घराने ते नीट जपलं होतं. त्या कोपऱ्यात कपडे वाळत घालणं बंद केलं. आईपक्षी उठून गेली की मगच कुंडीला पाणी घालायचे, तेही कडेकडेने. मुलगी घरट्याजवळ न जाता, आतूनच, खिडकीच्या काचेतून फोटो काढायची. घरटं बांधताना आणि अंडी घालताना फार ढवळाढवळ झाली तर पक्षी ते सोडून देतात. पिल्लं झाल्यावर मात्र ते सहजासहजी हटत नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे दिवस या घराने ज्या संयमाने काढले, त्याचं मोल मोठं आहे.

एक गोष्ट कुणाच्या नजरेत आली नव्हती. कुंडी ज्या हुकाला टांगली होती, त्याचा स्क्रू भिंतीत सैल झाला होता.

अडचण

पिल्लं सहा-सात दिवसांची असताना संध्याकाळी वादळी पाऊस आला. हूक निसटला आणि कुंडी कठड्यावर आपटून खाली आली. तीन पिल्लांपैकी एक जागच्या जागी गेलं. दुसरं ओल्या फरशीवर पडलेलं होतं. तिसरं उलट्या झालेल्या घरट्यात, काटक्यांना नख्या रुतवून तसंच धरून राहिलं होतं. बाहेर अंधारून आलेलं, पाऊस थांबलेला नाही, आणि दोन्ही मोठे पक्षी समोरच्या तारेवर भिजत ओरडत होते.

फोन मुलीच्या आईने केला.

“ताई, दोन जिवंत आहेत. कोमट दूध करून ठेवलंय, कापसाने पाजू का?”

“काही पाजू नका. आधी हातात घेऊन बघा, अंग गार लागतंय का?”

“एक अगदी गार पडलंय. दुसरं चोच वासतंय सारखं.”

मागून आजींचा आवाज आला, “अगं, उपाशी मरतील ती! काहीतरी दे पोटात.”

आजींची तगमग मला पूर्ण समजत होती. वासलेली चोच बघून हात आवरणं फार अवघड असतं. पण पहिल्या पाच मिनिटांत पिल्लाला जे पाजलं जातं, त्यानेच अनेक पिल्लं दगावतात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. ब्रेडचा भिजवलेला तुकडा पोट भरतो, पण त्यात वाढीला लागणारं काही नसतं. पाण्याचा थेंब तर सगळ्यांत घातक. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी, चोचीतच उघडतं. ड्रॉपरने सोडलेलं पाणी घशाऐवजी सरळ तिथे जातं आणि पिल्लू गुदमरतं. घरट्यातल्या पिल्लांना वेगळं पाणी लागतही नाही. अळ्या, किडे, मऊ फळं यांतूनच ते मिळतं. आणि गार पडलेल्या पिल्लाला तर बरोबर असलेलं अन्नही द्यायचं नसतं, कारण अंग थंड असताना त्याला ते पचवता येत नाही. आधी ऊब, मग बाकीचं.

पिल्लं किती दिवसांची आहेत हे मुलीच्या फोटोंवरून कळलं. अंड्यातून बाहेर आल्याचा दिवस तिच्याकडे होता. त्यात आईने जे वर्णन केलं ते जुळत होतं: डोळ्यांच्या जागी नुकती उघडलेली फट, पंखांवर निळसर काळ्या सळयांची रांग, सळईच्या टोकाला पिसाचा जेमतेम कुंचला, पोट उघडं. अशा वयात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. मोठ्या पक्ष्याच्या अंगाचं तापमान चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि ही ऊब पिल्लाला आईच्या पोटाखालीच मिळते. ओल्या फरशीवर एक रात्र म्हणजे मरण.

समोर असलेले पर्याय

फोन चालू असतानाच घरात तीन मतं पडली होती.

मुलीचं म्हणणं, आपणच वाढवू. आजींचाही कल तिकडेच. हा पर्याय मनाला सगळ्यांत गोड वाटतो आणि पिल्लासाठी सगळ्यांत वाईट ठरतो. या वयाच्या पिल्लाला उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी भरवावं लागतं, आणि ते मुख्यतः किडे. आईबापांची जोडी दिवसभर हेच करत असते. शाळा आणि नोकरी सांभाळणाऱ्या घराला ते झेपत नाही. समजा झेपलं, तरी पुढे काय? किडा कसा टिपायचा, कुठलं फळ पिकलेलं, मांजर दिसलं की कुठला आवाज काढायचा, हे पिल्लू घरटं सोडल्यावर आईबापांच्या मागे हिंडून शिकतं. कोनराड लोरेन्झ यांनी १९३०च्या दशकात हंसांच्या पिल्लांवर दाखवलं होतं की जन्मल्यावर जो पहिला हलताना दिसेल त्याच्यामागे ती चालू लागतात, मग तो माणूस का असेना. बुलबुलासारख्या पक्ष्यांत हे इतकं झटपट होत नाही, पण माणसाच्या हातून खाऊन मोठं झालेलं पिल्लू माणसाला भ्यायचं विसरतं, आणि मोकळ्यावर सोडल्यावर तेच त्याच्या जिवावर बेतू शकतं.

शिवाय कायदा आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२. ब्रिटनमध्ये १९८१चा वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायदा. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांचा १९१८चा कायदा. तपशील वेगवेगळे असले तरी रानपक्षी उचलून घरात पाळायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे. मी हे घाबरवायला सांगत नाही. पक्ष्यांवर उपचार करणारी प्रशिक्षित माणसं आणि केंद्रं याच कारणासाठी असतात.

वडिलांचं मत अगदी दुसऱ्या टोकाचं: निसर्गात आपण पडू नये, जे व्हायचं ते होईल. हे ऐकायला कोरडं वाटलं तरी त्यात तथ्य आहे. लहान पक्ष्यांची कितीतरी घरटी पिल्लं बाहेर पडण्याआधीच मोडतात. साप, कावळा, भारद्वाज यांचंही पोट त्यावर चालतं. प्रत्येक पिल्लू वाचलंच पाहिजे हा हट्ट निसर्गाच्या हिशेबात बसत नाही. पण मला हा नियम इथे लागू वाटला नाही. हे घरटं पडलं ते माणसाने भिंतीत मारलेला हूक निसटल्यामुळे. माणसाच्या वस्तूने, काचेने, छाटणीने, पाळलेल्या मांजराने जे घडतं ते निसर्गावर ढकलता येत नाही. माझ्यापुरती रेषा मी तिथे आखते. कावळ्याने पिल्लू नेलं तर हळहळते आणि गप्प बसते. हूक निसटला तर हात घालते.

तिसरा पर्याय उपचार केंद्राचा. पिल्लू जखमी असेल, किंवा आईबाप मेलेले असतील, तर यावाचून दुसरा मार्ग नाही. इथे आईबाप जिवंत होते, समोर होते आणि पिल्लांसाठी ओरडत होते. त्यांना वगळून पिल्लं हलवणं म्हणजे चांगले आईबाप असलेल्या मुलांना अनाथालयात नेण्यासारखं झालं असतं.

राहिला चौथा, जो घरात कुणाच्याच डोक्यात नव्हता: पिल्लं आईबापांकडे परत सोपवणं. तो कुणाला सुचत नाही, कारण लहानपणापासून आपण ऐकत आलोय की पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला वाळीत टाकते, बाकीचे टोचून मारतात. हे खरं नाही. पक्ष्यांना वास अजिबात येत नाही असं नव्हे, पण माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून आपल्या पिल्लांवर पाणी सोडणारे आईबाप पक्ष्यांत नसतात. ‘हात लागलाय, आता आई घेणार नाही’ या एका समजुतीपायी परत जाऊ शकणारी कितीतरी पिल्लं खोक्यात जीव सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं.

रात्रीचा निर्णय

दिवस असता तर त्याच घटकेला पिल्लं बाहेर ठेवायला सांगितली असती. पण अंधार पडत होता, पाऊस चालू होता आणि घरटं मोडलेलं होतं. अंधारात आईपक्षी नव्या जागेवर येऊन बसेल याची शाश्वती नव्हती. रात्री आईबाप तसेही भरवत नाहीत, फक्त ऊब देतात. म्हणजे रात्रभर गरज होती ती उबेची, आणि ती घरात देता येत होती. ठरलं असं: रात्र घरात, काही न पाजता, उजाडायच्या आत बाहेर.

बुटांचं खोकं घेतलं, झाकणाला भोकं पाडली. आत मऊ सुती कापड, दोरे न निघणारं. सुटा दोरा पिल्लाच्या पायाला गुरफटला तर पाय जातो. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळली आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवली. दुसरी बाजू मुद्दाम मोकळी सोडली, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लांना थोडं सरकता येईल. बल्ब लावायचा विचार वडिलांनी बोलून दाखवला. मी नको म्हटलं. इतकी लहान पिल्लं थंडीने मरतात तशी उष्णतेनेही, आणि बल्बचा चटका कळेपर्यंत उशीर झालेला असतो. चोच उघडी टाकून मान ताणली आणि धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झाली असं समजायचं, हे सांगून ठेवलं. खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत. सारखं झाकण उघडून बघायचं नाही.

तासाभराने त्यांनी एकदाच बघितलं. गार पडलेलं पिल्लू गरम झालं होतं, दोघं एकमेकांना खेटून निजली होती. आजींनी मला फोनवर सांगितलं, “झोपलीत गं.” आवाजातला ताण गेला होता.

सकाळी: आईबाप येतात का?

वडिलांनी रात्रीच जुनं घरटं वाळवून एका प्लास्टिकच्या टोपलीत बसवलं. टोपलीला तळाशी भोकं होती, पाणी साचायचा प्रश्न नव्हता. उजाडायच्या आधी ती तारेने गॅलरीच्या कडीला पक्की बांधली, आधीच्या जागेपासून हातभर अंतरावर, वरच्या सज्जाच्या सावलीत. सावलीबद्दल मी आग्रही होते. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू उघड्या उन्हात फार वेळ टिकत नाही, आणि पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं ऊन लवकर चढतं.

उजाडलं तसे दोन्ही पक्षी आले. तारेवर बसले, ओरडले, गॅलरीभोवती घिरट्या घातल्या, एकाच्या चोचीत हिरवी अळी होती. पण टोपलीवर कुणी उतरेना. पिल्लं आतून चिरकत होती. अर्धा तास गेला, तास होत आला.

या प्रकरणातली खरी कसोटी हीच होती. आजी म्हणाल्या, आता ती घेणार नाहीत, आपणच भरवू. मुलीला रडू फुटलं. मी विचारलं, “तुम्ही सगळे कुठे आहात आत्ता?”

“इथेच, दारात.”

चौघंही काचेच्या दाराला नाक लावून उभे होते. बुलबुल माणसांना सरावलेला असला तरी नव्या टोपलीजवळ, चार चेहरे टक लावून बघत असताना तो उतरत नाही. मी पडदा ओढायला सांगितलं, सगळ्यांना आतल्या खोलीत जायला सांगितलं, आणि खिडकीच्या फटीत मोबाइल टेकवून रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी ते रेकॉर्डिंग बघितलं तर पडदा ओढल्यावर लगेचच एक पक्षी टोपलीच्या काठावर उतरलेला दिसत होता. अळी आत गेली, चिरकणं थांबलं, आणि परत जाताना त्याच्या चोचीत पांढरी पिशवी होती. पिल्लांची विष्ठा अशा पिशवीत बांधून येते आणि आईबाप ती उचलून लांब टाकतात. ती पिशवी दिसली की समजावं, कारभार पुन्हा सुरू झाला.

आईबाप येत नाहीत असं सांगणारे बरेच फोन मला येतात. त्यांतल्या बहुतेकांत सांगणारा माणूस स्वतः घरट्यासमोर उभा असतो. लांबून, आडोशाने, दोनेक तास सलग नजर ठेवली आणि एकही फेरी झाली नाही, पिल्लं अखंड ओरडतायत किंवा ओरडता ओरडता गप्प पडलीत, तरच आईबाप गेले असं धरावं आणि मदत बोलवावी. पक्ष्याची फेरी काही सेकंदांची असते. चहा करायला आत गेलेल्या माणसाला ती दिसत नाही.

अशक्त पिल्लू

फरशीवर सापडलेलं पिल्लू त्या दिवशी दुपारनंतर मागे पडू लागलं. जे पिल्लू मान उंच करून जास्तीत जास्त चोच वासतं, त्याला आईबाप आधी भरवतात. हे पिल्लू मान वर करायचं आणि लगेच टाकायचं. रेकॉर्डिंगमध्ये दिसत होतं की घास बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चोचीत जातो. आईबापांत दुष्टपणा नसतो; जगण्याची शक्यता जिथे जास्त, तिथे अन्न जातं.

आता पुन्हा निर्णय. दोन्ही पिल्लं तशीच ठेवायची, की अशक्त तेवढं काढायचं? घरच्यांना भीती होती की एक काढलं तर आईबाप दुसरंही सोडतील. तसं होत नाही. घरट्यात एकच पिल्लू उरलं तरी ते त्याला वाढवतात. मी सुचवलं की ते पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. पोटाच्या उघड्या कातडीखाली निळसर डाग होता, आत रक्तस्राव झालेला. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. संध्याकाळी ते गेलं.

कावळ्याबद्दल थोडं. त्याच दिवसांत एक कावळा कठड्यावर येऊन बसायला लागला. आजी काठी घेऊन बसायच्या तयारीत होत्या. दिवसभर माणूस पहाऱ्याला बसला तर कावळ्याबरोबर आईबापही लांब राहतील, हे त्यांना पटलं. टोपलीच्या दोन बाजूंना वेलीच्या फांद्या बांधून आडोसा केला, तेवढं पुरलं.

दुसरा प्रश्न: पिल्लू पुन्हा खाली

चारेक दिवसांनी मुलगी धावत आत आली. “बाबा, पिल्लू परत पडलं!” शेजारच्या घरातून एकाने ते खालच्या अंगणातून उचलून, पुठ्ठ्याच्या डब्यात घालून वर आणून दिलं होतं. या वेळी सगळे तयार होते. खोकं निघालं, पाणी तापायला ठेवलं गेलं. आधी जे करून पिल्लू वाचलं, तेच पुन्हा करायचं, हा विचार साहजिकच होता.

मी फोटो मागवला. अंगभर पिसं. शेपूट बोटाच्या पेराएवढं आखूड. डोळे टक्क उघडे. डब्यात हात घातला की उड्या मारत होतं, आणि बोट पुढे केलं तर घट्ट धरून बसत होतं.

हे पिल्लू पडलेलं नव्हतं. त्याने घरटं सोडलं होतं.

बुलबुलासारखे पक्षी पुरतं उडता यायच्या आधीच घरटं सोडतात. घरट्यात सगळी पिल्लं एकाच जागी असतात, सापाला किंवा कावळ्याला एका झडपेत सापडतात; झुडपांत विखुरलेली पिल्लं निदान तशी सापडत नाहीत. मग काही दिवस ती फांद्यांवर, जमिनीवर, कठड्याखाली फुदकत राहतात आणि आईबाप त्यांच्या आवाजावरून माग काढत भरवत असतात. बघणाऱ्याला वाटतं, बिचारं एकटं पडलंय. त्याची आई वीस पावलांवरच्या झाडात अळी शोधत असते. उन्हाळा-पावसाळ्याच्या उंबरठ्यावर ‘सापडलेली’ म्हणून माझ्याकडे जी पिल्लं येतात, त्यांत अशी धडधाकट पिल्लं फार असतात. त्यांना उचलणं म्हणजे चालायला शिकणारं मूल अंगणातून उचलून नेणं.

टोपलीत परत ठेवायचं का? वडिलांनी विचारलं. ठेवलं असतं तरी पाच मिनिटांत पुन्हा उडी मारली असती. उचलून आणलं त्या जागेच्या जवळचं दाट झुडूप निवडलं आणि त्याला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर बसवलं. बस्स. दोन्ही मोठे पक्षी समोर ओरडत होतेच.

धोका एकच होता आणि खरा होता: शेजारचं मांजर. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. आकडा तिकडचा असला तरी मांजर सगळीकडे मांजरच. मुलीच्या आईने शेजाऱ्यांकडे जाऊन सांगितलं, आठवडाभर मांजर घरात ठेवाल का? त्यांनी ठेवलं. या सगळ्या प्रकरणात पिल्लाच्या सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट बहुधा हीच असावी, आणि तिच्यात पिल्लाला हातही लावावा लागला नाही. एक सूचना इथेच नोंदवते: मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी लगेच पशुवैद्याकडे न्यावं. मांजराच्या लाळेतले जंतू बारीकशा ओरखड्यातूनही रक्तात जातात आणि वेळेत प्रतिजैविकं मिळाली नाहीत तर पक्षी एक-दोन दिवसांत जातो.

निष्पत्ती

तीन पिल्लांपैकी एक वाचलं. त्या दिवशी दुपारीच आईबाप झुडपात त्याला भरवताना दिसले. पुढच्या आठवड्यात ते गच्चीच्या कठड्यापर्यंत उडत येऊ लागलं. शेपूट लांबली, तुरा काळा होऊ लागला, तरी आई दिसली की पंख थरथरवून चोच वासायचं. मग ते तिघंही त्या भागातल्या इतर बुलबुलांत मिसळून गेले.

तिघांतलं एक हा आकडा मुलीला फार कमी वाटला. मी तिला सांगितलं ते इथेही सांगते: कोसळलेल्या घरट्यातून, रात्रीच्या पावसातून, एक पिल्लू स्वतःच्या आईबापांच्या हाताखाली उडायला शिकून गेलं, हे खूप आहे.

पुन्हा असं घडलं तर

फरशीवर आपटलेल्या पिल्लाचं पोट पहिल्याच रात्री उजेडात नीट तपासायला हवं होतं. निळसर डाग तेव्हाच दिसला असता तर ते एक पिल्लू सरळ डॉक्टरांकडे आणि दुसरं आईबापांकडे, असे दोन रस्ते तेव्हाच वेगळे करता आले असते. ते वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. आतला रक्तस्राव इतक्या लहान जिवाला सहसा झेपत नाही. पण त्याला उपचार एक दिवस आधी मिळाले असते. हल्ली असा फोन आला की अंग गार आहे का, यानंतर माझा लगेचचा प्रश्न असतो, पोटावर, पंखाखाली काही निळं-लाल दिसतंय का?

पडदा पहिल्यापासून ओढलेला असता तर सकाळचा तो तास वाया गेला नसता. सहा-सात दिवसांच्या पिल्लाला रात्रभराच्या उपवासानंतर तासभर जास्त थांबावं लागणं ही लहान गोष्ट नाही.

पाणी-दुधाबद्दल मी आता जास्तच ठाम झाले आहे. त्या घरात दूध तयार होतं, कापूस भिजवलेला होता, फक्त विचारायचं म्हणून फोन केला होता. त्या रात्री पिल्लं त्या फोनमुळे वाचली. घरात पक्ष्यांचं घरटं दिसलं की त्याच दिवशी जवळच्या पक्षिमित्राचा, वनविभागाचा किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवावा. पिल्लू हातात असताना नंबर शोधत बसलं की तोवर काहीतरी पाजून होतं.

एका बाबतीत माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. अंडी असतानाच हूक सैल असल्याचं कळलं असतं तर काय करायला सांगितलं असतं? स्क्रू घट्ट करायला कुंडी हलवावी लागते, आणि त्या टप्प्यावर आईपक्षी घरटं सोडण्याची भीती असते. मला वाटतं, कुंडी न हलवता तिला खालून आणि बाजूने तारेचा दुसरा आधार द्यायला सांगितला असता, तोही ती चारा टिपायला गेलेल्या पाच मिनिटांत.

पिल्लू गेल्यावर घरच्यांनी टोपली लगेच काढू का असं विचारलं. बुलबुलाची जोडी एका हंगामात एकाहून जास्त वेळा अंडी घालते, आणि जुन्या घरट्यात बहुधा पिसवांसारखे बारीक कीटक झालेले असतात. नव्यासाठी ती सहसा नवं घरटं बांधते. त्यामुळे काही दिवस ये-जा नाही याची खात्री करून टोपली काढायला हरकत नव्हती. त्यांनी ती काढली, हातमोजे घालून. भिंतीतला जुना हूक उपटून तिथे नवा, लांब स्क्रूचा, पक्का बसवला आणि कुंडी पुन्हा टांगली.